रोबोच्या हाताने मिलिंग : उभारणी आणि प्रोग्रॅमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी आणि थर्माकोलचे पॅटर्न करतो. गेली काही वर्षं त्यातलं मोठं मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने माल कापून आकार काढणं, सहा ॲक्सिसच्या (सहा सांध्यांच्या) रोबोवर चालतं. शेडवर येणारे पॅटर्नमेकर, मूर्तिकार, डिप्लोमाची मुलं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आम्हाला सवय कुका कंपनीच्या रोबोची आहे. एबीबी आणि फानुक या कंपन्यांच्या रोबोंवर जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

सीएनसी मशीन असताना रोबो कशाला?

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं नेहमीचं मिलिंग मशीन. रोबो मोठ्या आणि मऊ कामासाठी. मोटारीचा पत्रा दाबणाऱ्या प्रेस-डायचं ओतकाम करायचं तर आधी त्याच आकाराचा थर्माकोलचा पॅटर्न लागतो. तो वाळूत गाडतात, वरून रस ओतला की थर्माकोल जळून जातो आणि त्याची जागा बीड घेतं. असे पॅटर्न सहज दोन-दोन मीटर लांब असतात. ते मावतील एवढं पाच ॲक्सिसचं मशीन घ्यायचं म्हणजे शेडच नवी बांधायची. २.७ मीटर पोहोच असलेला रोबो तेच काम एका कोपऱ्यात करतो, शिवाय जॉबच्या, म्हणजे कापायच्या मालाच्या, बाजूने आणि खालच्या अंगानेही कटर नेतो.

दगडातही हे चालतं. इटलीत करारा नावाच्या गावातल्या संगमरवर कारखान्यांत रोबोच कोरीव कामाचा मोठा भाग उरकतात. सीरियातल्या पाल्मायराच्या उद्ध्वस्त कमानीची जी प्रतिकृती २०१६ साली लंडनच्या ट्राफल्गार चौकात उभी राहिली, ती तिथेच रोबोने कोरली होती.

पण रोबो म्हणजे स्वस्तातलं सीएनसी मशीन असं समजून कोणी घेणार असेल तर मी त्याला थांबवतो. मिलिंग मशीनचा बेड आणि कॉलम जाडजूड बिडाचे असतात. रोबो म्हणजे एकापुढे एक टांगलेले सहा सांधे आणि प्रत्येक सांध्यात गिअरबॉक्स. टोकाशी साधारण १० किलोचा जोर आला तर मोठा रोबोसुद्धा ०.१ ते ०.३ मिलिमीटर हटतो. चांगलं मिलिंग मशीन तेवढ्या जोराला दोन-तीन मायक्रॉन हटेल. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं या एका फरकातून येतं. कापताना जोर कमी ठेवायचा आणि हात कमीत कमी लवेल अशा पवित्र्यात काम करायचं.

अचूकता किती मिळते?

कॅटलॉगमध्ये ±०.०६ मिलिमीटर असा आकडा दिसतो आणि लोक खूश होतात. तो आकडा पुनरावृत्तीचा आहे. म्हणजे एकदा शिकवलेल्या जागी रोबो पुन्हा पुन्हा किती जवळ येतो एवढंच तो सांगतो. वेल्डिंगला तेवढं पुरतं, कारण तिथे जागा हाताने शिकवलेली असते. मिलिंगमध्ये हजारो बिंदू कॉम्प्युटरवरून येतात आणि रोबो तिथे पूर्वी कधी गेलेलाच नसतो. अशा वेळी ‘एक्स १२०० वर जा’ म्हटल्यावर तो खरोखर १२०० वर जातो का, हा प्रश्न असतो. खास कॅलिब्रेशन न केलेल्या मोठ्या रोबोची ही चूक एक मिलिमीटरच्या वरही जाऊ शकते.

आम्ही गिऱ्हाइकाला अर्ध्या मिलिमीटरची खात्री देतो, त्याहून कमीची देत नाही. बिडाच्या ओतकामाला मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर श्रिंकेज (थंड होताना आकसणं) धरायचं, त्यावर मशीनिंगसाठी तीन-चार मिलिमीटर माल ठेवायचा, अशा कामात अर्धा मिलिमीटर कोणाला सलत नाही. बेअरिंगच्या सीटसाठी मात्र रोबो नको.

जुना रोबो घ्यावा का?

घ्यावा, पण हात हलवून बघून. गाड्यांच्या कारखान्यांतल्या वेल्डिंग लाइनवरून निघालेले २०० किलो क्षमतेचे रोबो बाजारात मिळतात. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, फार तर २०-२५ किलोचा असतो, मग एवढा मोठा रोबो का? कडकपणासाठी. आमचा पहिला रोबो ६० किलो क्षमतेचा होता. वजन तो आरामात पेलायचा, पण सागाच्या गाठीवर कटर आला की मान टाकायचा.

बघायला गेलात तर डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड बरोबर न्या. रोबो चालू ठेवून, ब्रेक सुटलेले असताना एकेक ॲक्सिस दोन्ही बाजूंनी अगदी हळू हलवा आणि दिशा पालटताना डायलचा काटा किती वेळ जागचा हलत नाही ते बघा. तो त्या गिअरबॉक्सचा प्ले, म्हणजे ढिलाई. वेल्डिंग लाइनवरचा रोबो वर्षानुवर्षं त्याच चार जागांमध्ये फिरलेला असतो, त्यामुळे दात तेवढ्याच भागात झिजलेले सापडतात. पहिला, दुसरा आणि तिसरा ॲक्सिस जास्त बारकाईने तपासा. तिथला एवढासा प्ले टोकाशी दोन मीटरवर कितीतरी मोठा होतो. आणि नियंत्रकाची पिढी बघा. मेमरी कमी असलेल्या जुन्या नियंत्रकात मिलिंगचे लांब प्रोग्रॅम मावत नाहीत, ते तुकडे करून चालवावे लागतात.

पाया कसा करायचा?

२०० किलो क्षमतेचा रोबो स्वतःच टनभर वजनाचा असतो आणि दिशा बदलताना पायाला जो हिसका देतो तो त्याहून मोठा. शेडच्या चार इंची कोब्यावर बोल्ट मारून तो उभा करू नका. निर्मात्याच्या चित्रात जाडी, काँक्रीटचा दर्जा आणि अँकर दिलेले असतात, तसंच करा. आमचा एक नियम त्यात जोडा. रोबो आणि जॉबचं टेबल एकाच काँक्रीटच्या ठोकळ्यावर हवं. दोन वेगळे पाये असले तर पावसाळ्यानंतर त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि तुम्ही चूक प्रोग्रॅममध्ये शोधत बसता.

स्पिंडल कसा निवडायचा, आणि फ्लँजवर कसा बसवायचा?

थर्माकोल, लाकूड, एमडीएफ, टूलिंग बोर्ड यांसाठी मिनिटाला १८,००० किंवा २४,००० फेऱ्यांचा, ८-१० किलोवॉटचा स्पिंडल उत्तम. जास्त फेऱ्या म्हणजे प्रत्येक दाताने कमी माल काढणं आणि म्हणून कमी जोर. स्पिंडलला वीज देणाऱ्या ड्राइव्हची कमाल फ्रीक्वेन्सी जुळते का तेवढं बघून घ्या. दोन पोलच्या मोटरला २४,००० फेऱ्यांसाठी ४०० हर्ट्झ लागतात, चार पोलच्या मोटरला ८००. ड्राइव्हची केबल शील्ड असलेलीच घ्या आणि रोबोच्या एनकोडर (सांध्याचा कोन मोजणारा भाग) केबलपासून लांब न्या. ती खेटून नेली तर पेंडंटवर (रोबो चालवायच्या हातातल्या पॅनलवर) असे एरर येतात की माणूस चक्रावतो.

आता बसवण्याचं, कारण इथे बरेच जण चुकतात. स्पिंडल फ्लँजला (हाताच्या टोकाच्या गोल प्लेटला) सरळ, म्हणजे सहाव्या ॲक्सिसच्या रेषेतच बसवला, तर सहावा ॲक्सिस फिरवून फक्त स्पिंडल स्वतःभोवती फिरतो. कटर तर तसाही फिरतच असतो! म्हणजे एक ॲक्सिस फुकट गेला. तोच स्पिंडल ४५ किंवा ९० अंशांच्या ब्रॅकेटवर बसवला, तर कटरचं टोक आणि दिशा तीच ठेवून अख्खा हात त्याच्याभोवती वेगवेगळ्या पवित्र्यांत नेता येतो. प्रोग्रॅम करताना ही मोकळीक किती कामाला येते ते पुढे सिंग्युलॅरिटीच्या प्रश्नात सांगितलं आहे. फक्त ब्रॅकेट जाड प्लेटचा, रिब घातलेला करा. तो लवला तर मोठा रोबो घेऊन काय मिळवलं?

स्पिंडल बसला की त्याचं वजन आणि गुरुत्वमध्य नियंत्रकात भरा. रोबो प्रत्येक हालचालीला किती करंट द्यायचा हे त्यावरून ठरवतो. एबीबीमध्ये लोड आयडेंटिफाय नावाचं रूटीन हे स्वतः मोजतं.

मास्टरिंग म्हणजे काय? दरवेळी करावं लागतं का?

प्रत्येक सांध्याचा शून्य अंश खरोखर कुठे आहे हे नियंत्रकाला सांगणं म्हणजे मास्टरिंग. दरवेळी नाही, पण धडक बसली, मोटर बदलली किंवा जुना रोबो घरी आणला की पहिलं काम हेच. कुकाला त्यासाठी खाचेत टेकणारा इलेक्ट्रॉनिक प्रोब असतो. फानुकमध्ये एनकोडरची स्थिती बॅटरीवर टिकते. त्या बॅटऱ्या वर्षाकाठी, रोबोला वीज चालू असतानाच बदलायच्या. वीज बंद करून काढल्या की सगळे शून्य गेले म्हणून समजा. नुसत्या रंगाच्या खुणा जुळवून केलेलं मास्टरिंग मिलिंगला पुरत नाही.

टूल आणि बेस कसे मोजायचे?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण ‘प्रोग्रॅम चुकतोय’ म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारी शेवटी इथे येऊन थांबतात.

टूल म्हणजे फ्लँजपासून कटरचं टोक कुठे आहे आणि ते कोणत्या दिशेला बघतं. चार बिंदूंच्या पद्धतीत एक टोकदार पिन टेबलावर घट्ट बसवतात आणि स्पिंडलमधली टोकदार पिन चार वेगवेगळ्या बाजूंनी तिला टेकवतात. चारही पवित्रे एकमेकांपासून चांगले लांब हवेत. मनगट थोडं थोडं वळवून चार बिंदू घेतले तर पेंडंटवर चूक लहान दिसते, पण प्रत्यक्षात टूल दोन मिलिमीटर बाहेर असतं. मोजून झालं की टोक पिनेवर ठेवा आणि नुसती दिशा फिरवत राहा. टोक जागेवरच राहायला हवं. जितकं भरकटतं तितकी तुमची चूक.

टोकाची जागा जमते, दिशा बिघडते. आम्ही दिशा अशी तपासतो. कोलेटमध्ये (कटर पकडणाऱ्या चिमट्यात) ३०० मिलिमीटरचा घासलेला सरळ रॉड पकडतो, रोबोला टूलच्या झेड दिशेने वरखाली चालवतो आणि रॉडला डायल लावतो. काटा सरकला तर झेड आणि स्पिंडल एका रेषेत नाहीत. हे तपासलं नाही तर तिरप्या भिंतींवर पायऱ्या दिसतात आणि माणूस कॅमला, म्हणजे कटरचा मार्ग (टूलपाथ) काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, दोष देतो.

बेस म्हणजे जॉबचा शून्य आणि त्याच्या दिशा. तीन बिंदू घेतात, पहिला शून्याचा, दुसरा एक्सवर, तिसरा वायच्या बाजूला. ते शक्य तितके लांब घ्या. दोन बिंदू २०० मिलिमीटरवर घेतले आणि टेकवताना अर्धा मिलिमीटर चुकलात, तर दोन मीटर लांबीच्या पॅटर्नच्या दुसऱ्या टोकाला ती चूक ५ मिलिमीटर झालेली असते. तेच बिंदू दीड मीटरवर घेतले तर एक मिलिमीटरच्या आत राहाल. आणि बेस जिथे काम आहे तिथेच, त्याच पवित्र्यात मोजा. रोबोची स्वतःची चूक जागेनुसार बदलते. काम जिथे आहे तिथेच मोजलं की तिचा बराच भाग आपोआप वजा होतो.

कॅममधला टूलपाथ रोबोपर्यंत कसा जातो?

टूलपाथ तुम्ही नेहमीच्या कॅममध्येच काढता. रोबोडीके, रोबोटमास्टर, स्प्रुटकॅम किंवा ग्रासहॉपरमधलं कुका पीआरसी अशी सॉफ्टवेअर त्यातून सांध्यांच्या हालचाली काढतात, पोहोच आणि धडक तपासतात आणि पोस्ट प्रोसेसर त्या त्या रोबोच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. कुकाला लिन, एबीबीला मूव्ह-एल, फानुकला एल. सगळ्यांचा अर्थ सरळ रेषेत जा. जी-कोडशिवाय करमत नसेल तर कुकाकडे तो थेट वाचणारं सीएनसी पॅकेजही आहे, पैसे वेगळे.

पोस्टची खरी परीक्षा कोनांत होते. कुकात ए, बी, सी म्हणजे अनुक्रमे झेड, वाय आणि एक्सभोवतीचे कोन. फानुकमध्ये डब्ल्यू, पी, आर, म्हणजे तेच कोन उलट क्रमाने लिहिलेले. एबीबी कोन वापरतच नाही, चार आकड्यांचं क्वाटर्नियन वापरतो. नवा पोस्ट आला की आम्ही एकच परीक्षा घेतो. एक घनाकृती ठोकळा, त्याच्या पाच बाजूंवर एकेक रेघ, कटरच्या जागी स्केच पेन. कागदावर पाचही रेघा जागेवर आल्या तर पोस्ट बरोबर. पेन मोडलं तर दहा रुपयांत भागतं.

हात मध्येच अडखळतो किंवा मनगट गर्रकन फिरतं. का?

मनगटाची सिंग्युलॅरिटी. पाचवा ॲक्सिस शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. मग एकाच दिशेसाठी दोघांच्या अगणित जोड्या चालतात आणि सरळ रेषेत जाताना ते दोघे एकमेकांविरुद्ध भराभर फिरू लागतात. रोबो एक तर वेग टाकतो नाहीतर एरर देऊन थांबतो. लाकडात कटर जागेवर घासत राहिला की काळा डाग पडतो, थर्माकोलमध्ये खड्डा वितळतो. हात पूर्ण ताणला गेला किंवा मनगट बरोबर पहिल्या ॲक्सिसच्या डोक्यावर आलं तरी असंच होतं, पण मिलिंगमध्ये त्रास मुख्यतः मनगटाचाच.

उपाय प्रोग्रॅम करतानाच करायचा. पाच ॲक्सिसच्या मिलिंगला टोकाच्या तीन जागा आणि कटरची दिशा एवढंच ठरवावं लागतं. स्पिंडलभोवतीचं फिरणं मोकळं असतं. स्पिंडल तिरप्या ब्रॅकेटवर असेल तर ही मोकळीक वापरून अख्खा हात बाजूला वळवता येतो आणि पाचवा ॲक्सिस शून्यापासून दूर, ३० ते १०० अंशांत ठेवता येतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याचा नकाशा दिसतो, लाल पट्टे टाळून रेघ ओढायची. तेवढ्याने भागलं नाही तर टेबल उचला किंवा जॉब अर्धा मीटर सरकवा. मी तर आधी जॉब सरकवून बघतो. दोन दिवस प्रोग्रॅमशी झटापट करण्यापेक्षा अर्ध्या तासात फिक्स्चर (जॉब पकडणारी चौकट) हलवणं परवडतं.

पृष्ठभागावर बारीक ठिपके येतात, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) सांगितलेला मिळत नाही. काय करावं?

बिंदू फार जवळ आहेत. कुकाचा केआरसी-४ नियंत्रक १२ मिलिसेकंदांच्या ठोक्याने मार्ग आखतो. सेकंदाला ६० मिलिमीटर वेगाने एका ठोक्यात ०.७२ मिलिमीटर अंतर जातं. कॅमने दर ०.१ मिलिमीटरला बिंदू दिला असेल तर एका ठोक्यात सात बिंदू येतात आणि नियंत्रक गुदमरतो. कॅममध्ये टॉलरन्स थोडा सैल करा, बिंदू एक-दीड मिलिमीटरवर जाऊ द्या.

दुसरं कारण म्हणजे प्रत्येक बिंदूवर नेमकं थांबणं. कुकात अप्रॉक्सिमेशन, एबीबीत झोन, फानुकमध्ये सीएनटी देऊन कोपरे गोल करू द्या. ‘फाइन’ लिहिलं की रोबो प्रत्येक बिंदूवर उभा राहणारच. कुकात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोबो पुढच्या ओळी आगाऊ वाचत असतो. मध्ये साधा आउटपुट चालू-बंद केला किंवा वेट घातला की ते वाचन थांबतं आणि हातही थांबतो. एअर ब्लो चालू करायचा असेल तर तो ट्रिगर या आदेशाने करा.

फीड किती ठेवू?

दहा मिलिमीटरचा, दोन दातांचा एंडमिल, १८,००० फेऱ्या, दाताला ०.१ मिलिमीटर. गुणाकार केला की मिनिटाला ३,६०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ६०. रोबोचा वेग मीटर प्रति सेकंदात लिहायचा असेल तर ०.०६. सीएनसीवरून आलेली मुलं इथे शून्य चुकवतात. टूलिंग बोर्डात यापासून सुरुवात करा. थर्माकोलमध्ये दुप्पट-तिप्पट जाता येतं, तिथे हळू गेलात तर उलट माल वितळतो. खोल आणि अरुंद घेण्यापेक्षा उथळ थर भरभर काढा.

लांब कटरची एक सूचना मनापासून. थर्माकोलसाठी २००-३०० मिलिमीटर लांब कटर वापरतात. ते १८,००० फेऱ्यांवर फिरवू नका. एवढा लांब कटर वाकतो आणि मोडून सुटला तर पत्र्याच्या भिंतीतून पार जातो. कटरवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा पाळा.

कापताना अख्खा हात थरथरतो.

ही सीएनसीवरच्या किंचाळणाऱ्या चॅटरपेक्षा वेगळी थरथर. आवाज जाडा, डोळ्यांना दिसेल इतका संथ, कारण मोठ्या हाताची नैसर्गिक कंपनं सेकंदाला दहा-वीसच्या घरातली असतात. फेऱ्या बदलून ती सहसा जात नाही. आधी खोली कमी करा. मग कापण्याची दिशा ९० अंश बदलून बघा. रोबो सगळ्या दिशांना सारखा कडक नसतो, त्यामुळे एक्समध्ये थरथरणारा तोच कट वायमध्ये शांत जातो. शेवटी जॉब रोबोच्या जवळ आणा. ताणलेल्या हाताने तुम्ही तरी पाटा-वरवंटा वापराल का?

गोल भोक गोल का येत नाही?

गोल फिरताना कुठला ना कुठला सांधा दिशा पालटतो, आणि तिथे प्ले एक टपोरा ठसा सोडतो. बेअरिंगचं किंवा डॉवेलचं भोक मिलिंगने करू नका. रोबोने खूण करून घ्या आणि ड्रिलने सरळ खाली या, किंवा दुसऱ्या मशीनवर करा.

ॲल्युमिनियम जमेल का? स्टील?

ॲल्युमिनियम जमतं, एका दाताच्या कटरने, अर्ध्या मिलिमीटरच्या खोलीने, ट्रिमिंगसारखी हलकी कामं. स्टीलला हात लावू नका.

सकाळचा पहिला पॅटर्न वेगळ्या मापाचा येतो.

गिअरबॉक्स थंड असतात, हात तापला की लांबी बदलते. कापण्याआधी अर्धा तास रोबोला रिकामा, सगळे ॲक्सिस फिरतील असा चालवा. बेसही हात तापल्यावरच मोजा.

धुळीचं काय?

एमडीएफची धूळ फुप्फुसाला वाईट, थर्माकोलचा भुसा पेट घेणारा आणि स्थिर विजेने सगळीकडे चिकटणारा. सक्शनचा पाइप अर्थिंग केलेला हवा. स्पिंडलच्या तोंडाशी कोरडी हवा सतत सोडायची, नाहीतर धूळ बेअरिंगमध्ये जाते. कार्बन फायबर कापायचं असेल तर नियंत्रकाची कपाटं दुसऱ्या खोलीत ठेवा. ती धूळ वीजवाहक असते.

कुंपण लागतंच का?

हो. टी-१ या संथ चाचणीच्या मोडमध्ये रोबो सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही, पण स्पिंडलला हे बंधन नाही. कुंपणाच्या दाराला इंटरलॉक हवा, आणि दार उघडल्यावर फक्त रोबो थांबून चालणार नाही. स्पिंडल पूर्ण थांबेपर्यंत दाराचं कुलूप सुटता कामा नये. पेंडंटच्या मागचा तीन टप्प्यांचा स्विच टेपने बांधून ठेवलेला मी एका शेडमध्ये पाहिला आहे. तो सोडला तरी थांबतो आणि घाबरून घट्ट आवळला तरी थांबतो, अशीच त्याची रचना आहे. टेप लावणाऱ्याने त्या रोबोसमोर उभ्या माणसाची शेवटची सोय काढून घेतली.

नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा कसा चालवावा?

स्पिंडल बंद, कटर काढलेला, टूलमध्ये झेड १०० मिलिमीटरने वाढवून, म्हणजे सगळं काम जॉबच्या वर हवेत होईल. टी-१ मध्ये, वेग १० टक्के, बोट स्विचवर आणि डोळे पेंडंटवर नाही, केबलवर. पहिल्या धडका कटरच्या नसतात, मनगटाला गुंडाळणाऱ्या केबलच्या आणि सक्शनच्या पाइपच्या असतात. मग झेड परत मूळ आकड्यावर आणून, कटर लावून, थर्माकोलच्या टाकाऊ तुकड्यावर.

मधेच वीज गेली तर?

रोबो ब्रेक लावून जागेवर थांबतो, स्पिंडल मात्र काही वेळ फिरत राहतो आणि कटर जॉबमध्ये असतो. वीज आल्यावर सरळ स्टार्ट दाबू नका. आधी स्पिंडल न फिरवता, टी-१ मध्ये, टूलच्या झेड दिशेने उलट्या बाजूला कटर बाहेर काढा. बेसच्या झेडने काढला तर तिरप्या भिंतीत तो कापत वर येईल. बाहेर आल्यावर थांबलेल्या ओळीच्या पंधरा-वीस ओळी मागे जाऊन, स्पिंडल पूर्ण फेऱ्यांवर आल्याची खात्री करून पुन्हा सुरू करा. पेंडंटवर ओळीचा नंबर दिसतो, तो टेबलावर खडूने लिहून ठेवायची सवय आमच्या सगळ्या पोरांना लावली आहे.